मोठा पडदा कोणाच्या डोळ्यांसाठी हवाय?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापूरला घर, घरात चार माणसं. सासरे ७२ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मिस्टरांचा टॉवेलचा धंदा, संध्याकाळी घरी बसून हिशेब आणि जीएसटीचं काम. मुलगी नववीत. सगळ्यांना मिळून एकच लॅपटॉप, बजेट ६० हजार. दुकानात १७.३ इंची दाखवला आणि घरासाठी हाच बरा असं सांगितलं. तर १७.३ घ्यावा की १५.६, आणि आत्ता घ्यावा की दिवाळीच्या सेलपर्यंत थांबावं?

मी नवी पेठेत गेली बावीस वर्षं कॉम्प्युटर विकतो आणि दुरुस्त करतो. विकण्यापेक्षा दुरुस्तीच जास्त, त्यामुळे घेताना काय चुकलं ते मला तीन-चार वर्षांनी टेबलावर दिसतं. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मधेच एक वाक्य आहे, "बाबांना फोनवर काही वाचता येत नाही, निदान पेपर तरी नीट दिसावा." माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. पडदा किती इंची हा त्याच्या मागून येणारा.

आधी इंचांचा हिशेब करू, कारण दुकानात तो कोणी करून दाखवत नाही. इंच मोजतात ते एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरके. १५.६ आणि १७.३ या दोन्ही पडद्यांवर बहुतेक वेळा ठिपके तितकेच असतात, आडवे १९२० आणि उभे १०८०. म्हणजे दोन्हीवर चित्र तेच, एकावर ते जरा ताणून बसवलेलं. किती ताणलेलं? १७.३ ला १५.६ ने भागा. अक्षर ११ टक्क्यांनी मोठं होतं. ३ मिलिमीटर उंचीचं अक्षर ३.३ मिलिमीटरचं झालं, इतकंच. त्यातही मोठ्या लॅपटॉपची कीबोर्डची बाजू खोल असते, त्यामुळे पडदा डोळ्यांपासून दोन-तीन सेंटीमीटर लांब जातो आणि मिळालेल्या ११ टक्क्यांतले थोडे तिथेच खर्ची पडतात.

आता दुसरी बाजू बघा. विंडोजच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेमध्ये जाऊन स्केल १२५ वरून १५० केलं, की सगळी अक्षरं आणि बटणं २० टक्क्यांनी मोठी होतात. एक रुपया लागत नाही. ॲक्सेसिबिलिटीमध्ये टेक्स्ट साइझची वेगळी पट्टी असते, ती १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत सरकते आणि नुसती अक्षरं मोठी करते. ब्राउझरमध्ये कंट्रोल दाबून अधिकचं बटण दाबलं की समोरचं पान मोठं होतं. नवा लॅपटॉप घेऊन जाणाऱ्या दहांतल्या आठ जणांना मी हे तिथल्या तिथे लावून देतो, आणि वयस्कर माणूस सोबत असेल तर त्यांचा चेहरा तेव्हाच उजळतो.

मग मोठ्या पडद्याला काहीच अर्थ नाही का? आहे. अक्षर मोठं केलं की पानाचा कमी भाग पडद्यावर मावतो, दर चार ओळींनी पान सरकवावं लागतं. गुरुजींना, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना, ई-पेपर वाचायचाय. वर्तमानपत्राचं पान उभं आणि लॅपटॉपचा पडदा आडवा, त्यामुळे इथे रुंदीपेक्षा उंचीला महत्त्व. १५.६ इंची पडदा साधारण ३४.५ सेंटीमीटर रुंद आणि १९.४ सेंटीमीटर उंच असतो. १७.३ इंची ३८.३ रुंद, २१.५ उंच. हल्ली १६ इंची लॅपटॉप येतात, त्यांचं प्रमाण १६ ला १० असतं, ठिपके १९२० बाय १२००. त्यांची रुंदी ३४.५, म्हणजे १५.६ एवढीच. उंची मात्र २१.५, थेट १७.३ एवढी! म्हणजे सतरा इंचीतली जी उंची वाचायला कामाला येते ती सोळा इंचीत मिळते, आणि लॅपटॉप नेहमीच्या बॅगेत बसतो. दुकानात जाताना टेप घेऊन जा आणि स्वतः मोजा. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवलेला बरा.

आणखी एक गोष्ट लॅपटॉपच्या दुकानाबाहेरची आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाचायचा चष्मा हातातल्या पुस्तकाच्या अंतराचा असतो, ३५-४० सेंटीमीटरचा. लॅपटॉपचा पडदा असतो ५५-६० सेंटीमीटरवर. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवलेली साधी लेन्स बहुधा लांबच्या नजरेची असते, मग पडद्याचं हे मधलं अंतर ना लांबच्या नजरेत बसतं ना जवळच्या चष्म्यात. माणूस मान वर करून चष्म्याच्या खालच्या भागातून बघत बसतो आणि तासाभरात मान धरते. घरच्यांना वाटतं पडदा लहान आहे. गुरुजींच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना एवढंच सांगा, की कॉम्प्युटर ५५-६० सेंटीमीटरवर असतो, त्या अंतराचा नंबर काढून द्या. चष्मा बदलल्यावर जुनाच लॅपटॉप पुरला, अशी निदान तीन घरं मला माहीत आहेत.

अक्षराच्या आकाराबरोबर अक्षर किती रेखीव दिसतं हेही बघावं लागतं, आणि ते मराठीसाठी जास्तच. इंग्रजी अक्षर सुटसुटीत असतं. आपल्या अक्षराला वर रफार, अनुस्वार, वेलांटी, खाली उकार, मधे जोडाक्षर. एवढं सगळं बसायला ठिपके पुरेसे दाट लागतात. स्वस्तातले आणि जुने लॅपटॉप अजून १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचे मिळतात. गेल्या उन्हाळ्यात मोहोळकडचे एक काका असाच लॅपटॉप घेऊन आले, म्हणाले ऑनलाइन काढलेल्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलंय. मी बघितलं. "धोंडिबा" बरोबर लिहिलेलं होतं. त्या पडद्यावर ध ची वरची गाठ दोन ठिपक्यांत पुसून गेली होती आणि काका ते "घोंडिबा" असं वाचत होते. तोच सातबारा मी माझ्या फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० च्या, पडद्यावर उघडून दिला, तर त्यांनी चष्म्याशिवाय वाचला. म्हणून १३६६ बाय ७६८ फुकटात मिळाला तरी गुरुजींसाठी नको. १७.३ इंचीतही १६०० बाय ९०० ठिपक्यांचे पडदे निघाले होते, जुन्या मालात अजून दिसतात, तेही नकोत.

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जोर देऊन सांगतोय. माझ्या थोरल्या बहिणीला मी सात-आठ वर्षांपूर्वी १७.३ इंची घेऊन दिला होता. मोठा पडदा, अडीच किलोच्या वर वजन, ठिपके १६०० बाय ९००, आणि पॅनेल टीएन जातीचं, म्हणजे कोन बदलला की रंग बदलणारं. समोर नीट बसलं तर ठीक. पण ताई आणि भावोजी शेजारी शेजारी बसून नातवाशी बोलायचे, तेव्हा पडदा जरा मागे कलला की चेहरे काळपट पडायचे. उचलायला जड म्हणून तो हॉलमधून आत कधी गेलाच नाही. दोन वर्षांनी ताई पुन्हा फोनवरच बोलायला लागली. मी तेव्हा इंच बघितले होते, बाकी काही बघितलं नव्हतं.

तर इथवर आलो ते असं: सतरा इंचीने अक्षर फारसं वाढत नाही, उंची सोळा इंचीतही मिळते, आणि ठिपके व चष्मा या दोन गोष्टी इंचांपेक्षा जास्त काम करतात. आता पुढचं एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती तुम्ही लिहिलेली नाही. लॅपटॉप घरात एका जागी राहणार आहे की फिरणार आहे?

बहुतेक वेळ एकाच जागी राहणार असेल, तर मोठ्या लॅपटॉपच्या मागे लागूच नका. साधा १५.६ किंवा १६ इंची घ्या आणि गुरुजींच्या टेबलावर २४ इंची मॉनिटर ठेवा. आयपीएस पॅनेलचा, म्हणजे बाजूने बघितलं तरी सारखाच दिसणारा, फुल एचडी मॉनिटर आठ-दहा हजारांत येतो. त्याचा पडदा ५३ सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच. त्याच स्केलवर त्याच्यावरचं अक्षर १५.६ इंचीच्या दीडपट दिसतं. १७.३ ने ११ टक्के मिळत होते, इथे ५० टक्के मिळतात! एचडीएमआयची वायर लावली की झालं. विंडोज दोन्ही पडद्यांचं स्केल वेगवेगळं लक्षात ठेवतं, त्यामुळे गुरुजींसाठी मॉनिटरवर मोठं ठेवलेलं अक्षर मुलीच्या आड येत नाही. मिस्टर गोडाउनला जाताना वायर काढून लॅपटॉप उचलून नेऊ शकतात. फक्त मॉनिटर फार उंचावर ठेवू नका. दुभागी चष्मा असलेल्या माणसाला पडदा जरा खालीच सोयीचा पडतो.

घरात फुल एचडी किंवा फोर-के टीव्ही असेल तर आधी कोणाचा तरी लॅपटॉप आणून एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडून बघा, दोन-तीनशे रुपयांचं काम आहे. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीवर मात्र हा प्रयोग करून मन खट्टू करून घेऊ नका. त्यात बहुधा तेच १३६६ बाय ७६८ ठिपके असतात, सिनेमाला चालतात, वाचायला नाही.

तुमच्या घराची मला आलेली कल्पना अशी, की मिस्टरांना अधूनमधून लॅपटॉप बाहेर न्यावा लागेल आणि मुलीला आतल्या खोलीत. तसं असेल तर माझा सल्ला सरळ आहे. ४८-५० हजारांपर्यंत १६ इंची, १६ ला १० प्रमाणाचा लॅपटॉप, वर २४ इंची मॉनिटर आणि एक साधा कीबोर्ड-माऊस. भाव ऑफरप्रमाणे वरखाली होतात, त्यामुळे दोन-चार हजार इकडेतिकडे धरा. सतरा इंची मी फक्त अशा घरात सुचवतो, जिथे दुसरा पडदा ठेवायला खरोखर जागा नाही आणि लॅपटॉप एकाच टेबलावर राहणार आहे. वजनदेखील बघा. १६ इंची साधारण पावणेदोन-दोन किलोच्या आसपास असतो, १७.३ इंची बहुतेक दोनच्या वर. १७ इंची आणि दीड किलोच्या आतले लॅपटॉपही आहेत, एलजीचा ग्राम आहे तसा, पण ते तुमच्या बजेटच्या फार पलीकडे.

लॅपटॉपचा पडदा निवडताना आयपीएस पॅनेल, आणि पृष्ठभाग चकचकीत नको, मॅट हवा. आपल्याकडे दुपारी खिडकीतून येणारा उजेड काय असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. ब्राइटनेस निट्समध्ये लिहिलेला असतो. २५० निट्स कमी पडतात, ३०० किंवा जास्त मिळाले तर घ्या. ओएलईडी पडदे आता या भावाच्या आसपास येऊ लागलेत, रंग फार सुरेख, पण बहुतेक चकचकीत असतात आणि त्यात मागची खिडकी दिसते.

मिस्टरांच्या धंद्यासाठी रंगाचं एक बघा. स्वस्त पडद्यांच्या माहितीत "४५ टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो पडदा कमी रंग दाखवतो. त्यावर लाल विटकरी दिसतो आणि मोरपंखी फिका पडतो. मिस्टर ग्राहकाला टॉवेलच्या शेडचे फोटो पाठवत असतील, तर अशा पडद्यावर बघून "शेड बरोबर आहे" असं सांगणं धोक्याचं. १०० टक्के एसआरजीबीचा, म्हणजे नेहमीच्या फोटोंतले सगळे रंग दाखवणारा, पडदा मिळाला तर दोन हजार जास्त गेले तरी घ्या. मिळाला नाही, तर मॉनिटर तरी तसा घ्या, २४ इंची आयपीएस मॉनिटरमध्ये तो सहज मिळतो. त्यांना आकडे टाकायचे असतात, म्हणून लॅपटॉपच्या कीबोर्डला उजवीकडे आकड्यांची वेगळी पट्टी आहे का तेही बघून घ्या. सगळ्या १६ इंचीत ती नसते.

आतल्या सामानावर फार वेळ घालवत नाही. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, याखाली जाऊ नका. ८ जीबीचाच घ्यावा लागला तर रॅम वाढवायला जागा आहे का ते विचारा, कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते. ईएमएमसी साठवण (एसएसडीपेक्षा हळू चालणारी) असलेला किंवा सेलेरॉन या हलक्या प्रोसेसरचा नको. इंटेलचा कोअर आय५ बारावी-तेरावी पिढी, किंवा नवा कोअर ५, किंवा एएमडीचा रायझन ५, यांपैकी काहीही तुमच्या कामाला पुरून उरतं. रायझनच्या ७००० मालिकेत नंबरचा तिसरा आकडा बघा. ७५२०यू आणि ७५३०यू ऐकायला सख्खे भाऊ वाटतात, पण पहिला चार कोअरचा, जुन्या बांधणीचा आहे आणि दुसरा सहा कोअरचा, त्याच्या पुढच्या पिढीचा. विंडोज ११ आणि ऑफिस मूळ, लॅपटॉपसोबत आलेलं घ्या. ऑफिस कायमचं आहे की वर्षभराचं, हे बिलापूर्वी विचारा. जुना वापरलेला लॅपटॉप कोणी सुचवला तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागचा घेऊ नका. तो विंडोज ११ ला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले.

सोलापुरात लॅपटॉप कशाने खराब होतात, ते मात्र सविस्तर सांगतो, कारण कंपनीच्या पुस्तकात ते सापडत नाही. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात, तसं त्यांच्या माहितीपत्रकातच असतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ही नेहमीची गोष्ट. म्हणजे दुपारी बारा ते पाच लॅपटॉप त्याच्या मर्यादेबाहेरच्या हवेत चालतो, आणि पंखा हाच त्याचा आधार. तो पंखा कापसाच्या तंतूंनी गळा आवळल्यासारखा बंद पडतो.

पूर्व भागातल्या एका घरातून लॅपटॉप आला होता, खालच्या मजल्यावर टॉवेलचे माग, वर राहायचं घर. तक्रार अशी की दहा मिनिटांत बंद पडतो. खालचं झाकण काढलं तर पंखा स्वच्छ होता. पंखा सोडवून त्याच्यामागच्या तांब्याच्या जाळीकडे बघितलं, तिथे तंतूंचा एक थर जमलेला, घट्ट, नमद्यासारखा. चिमट्याने एक टोक धरून ओढलं तर अख्खा थर एका तुकड्यात निघून आला, दोन बोटांएवढा, फिक्या गुलाबी रंगाचा. त्यांच्या मागावर त्या महिन्यात गुलाबी सूत चालू होतं. थर काढला, नवी पेस्ट लावली, लॅपटॉप पुन्हा थंड चालायला लागला. तुमचं घर जुळे सोलापूरला असलं तरी लॅपटॉप गोडाउनला जाणार, म्हणजे हे तुम्हालाही लागू आहे. दर मार्चमध्ये, उन्हाळा लागायच्या आधी, एकदा उघडून साफ करून घ्या. वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या माणसाकडूनच.

अंथरुणावर चादर असते आणि मुलं लॅपटॉप त्यावरच ठेवतात. खालची हवेची जाळी झाकली जाते, त्यात चादरीचे तंतूही आत ओढले जातात. मुलीला पलंगावरच बसायचं असेल तर लॅपटॉपखाली एक पाट द्या. आणि कूलरच्या झोतात लॅपटॉप ठेवू नका. कूलरच्या हवेत पाण्याचे बारीक कण असतात, आपलं पाणी क्षाराचं, बोर्डावर पांढरी बुरशी आल्यासारखे डाग पडतात आणि तो बोर्ड मग वाचत नाही. दर उन्हाळ्यात असे दोन-तीन तरी माझ्याकडे येतात.

बॅटरीचं थोडक्यात. घरात लॅपटॉप सतत चार्जरला लावलेला राहतो, त्यात उन्हाळा, म्हणून बॅटरी फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर तो वापरणं थांबवा आणि लगेच दाखवा. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा. धातूच्या पृष्ठभागावर हात ठेवल्यावर झिणझिण्या आल्या तर लॅपटॉपला दोष देण्याआधी घराचं अर्थिंग तपासून घ्या.

मोठ्या लॅपटॉपची बिजागरी ही दुसरी दुखरी जागा. झाकण जितकं रुंद, तितका बिजागरीवर ताण जास्त. एका कोपऱ्याला धरून झाकण उघडायची सवय असली, की दीड-दोन वर्षांत आतले प्लास्टिकचे खुंट तुटतात आणि मग पडद्याची कडा उघडी पडते. झाकण नेहमी मधोमध धरून उघडायचं, हे घरात सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगा. गुरुजींना मुद्दाम सांगा, कारण पुस्तक उघडल्यासारखं कोपऱ्याला धरून उघडणारी बहुतेक वयस्कर मंडळीच असतात.

पडदा फुटला तर? १५.६ इंची फुल एचडी, ३० पिनचं पॅनेल माझ्या कपाटात कायम दोन-तीन पडून असतं, सकाळी दिलं की संध्याकाळी मिळतं. १६ इंचीचं मागवावं लागतं, चार-पाच दिवस धरा. १७.३ चं कधी मिळेल ते मी आधी सांगत नाही, चौकशी करूनच सांगतो. १६ इंची सुचवत असलो तरी ही एक गोष्ट १५.६ च्या बाजूने आहे, आणि तुम्हाला १५.६ मध्ये चांगल्या पडद्याचा लॅपटॉप मिळाला व मॉनिटर घेणार असाल, तर तोही घ्या, माझी हरकत नाही.

दुकानात जाल तेव्हा गुरुजींना सोबत न्या, त्यांचा चष्मा विसरू नका. ई-पेपरचं एक पान आणि एखादा मराठी सरकारी कागद पेन ड्राइव्हवर घ्या. दुकानातल्या झगझगीत दिव्यांत सगळेच पडदे छान दिसतात आणि तिथे चालू असलेला व्हिडिओ रंग दाखवण्यासाठीच बनवलेला असतो. तो बंद करायला सांगा, आपलं पान उघडा, लॅपटॉप दाराजवळ उजेडात न्या. गुरुजींना तीन ओळी मोठ्याने वाचायला सांगा. मग मुलीला त्यांच्या शेजारी बसवा आणि झाकण थोडं मागे करा, दोघांनाही पडदा तसाच दिसला पाहिजे. पुढे स्पीकर आणि कॅमेरा. कॅमेरा १०८० चा असेल तर व्हिडिओ कॉलवर फरक पडतो.

आता दिवाळीपर्यंत थांबायचं का. मुलीचं दहावीचं वर्ष जूनमध्ये सुरू होईल आणि गुरुजींचा पेपर तर आजच वाचायचा राहतोय. सेलमध्ये दोन-तीन हजार वाचतीलही, पण सेलमध्ये बऱ्याचदा मागच्या पिढीचा, ८ जीबीचा, ४५ टक्के रंगाचा माल पुढे केलेला असतो. मी तुमच्या जागी असतो तर थांबलो नसतो. दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन, पण वॉरंटी ऑनसाइट आहे का, म्हणजे माणूस घरी येतो का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर तुमचा पिनकोड घालून स्वतः बघा. काही मॉडेलना सोलापुरात माणूस घरी येतो, काहींना लॅपटॉप पुण्याला पाठवावा लागतो, अडीचशे किलोमीटर. मग मुलीची परीक्षा तोंडावर असताना पंधरा दिवस घरात लॅपटॉप नाही. बिलावर सीरियल नंबर आणि जीएसटी नीट लिहून घ्या. मिस्टरांची फर्म नोंदलेली असेल आणि लॅपटॉप धंद्यालाही वापरणार असाल, तर फर्मच्या नावाने बिल केल्यावर १८ टक्के जीएसटीपैकी किती परत घेता येईल, ते त्यांच्या सीएंना विचारा.

घरात मॉनिटरला जागा आहे का आणि लॅपटॉप गोडाउनला आठवड्यातून किती वेळा जाणार, हे दोन कळवा. दुकानात दाखवलेल्या मॉडेलांचे पूर्ण नंबरही लिहा, नुसतं कंपनीचं नाव नको. नंबरावरून पडद्याची खरी माहिती काढून त्यातला कोणता घ्यायचा ते सांगतो.